आई रात्री अडीचपर्यंत फेसबुक आणि रील्सवर असते, यावर थेरपी खरंच चालते का? लालबाग-परळजवळ कुठे जावं?

लालबागकरीण:
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी आई ५६ वर्षांची आहे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्याच्या थोडं आधीच आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही टॉवरमध्ये आलो, एकोणिसावा मजला, घरात आई, मी आणि माझा भाऊ. आम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडतो ते रात्री आठ-साडेआठला परत, दिवसभर आई एकटी. आधी फोन म्हणजे व्हॉट्सअॅपवर दोन गुड मॉर्निंग पाठवले की बाजूला ठेवायची. आता सकाळी देवपूजा झाली की देव्हाऱ्याचा आणि रांगोळीचा फोटो फेसबुकवर जातो आणि मग दर पाच-दहा मिनिटांनी किती लाईक आले ते बघणं चालू. मावशीने एका फोटोला लाईक केलं नाही म्हणून तिच्याशी बोलणं सोडलंय. सख्खी बहीण! रात्री लाईट बंद करून रील्स, दोन, अडीच, कधी तीन. भजनी मंडळात जायची ते बंद झालं. शुगर वाढलीय, आमचे डॉक्टर म्हणाले झोप नीट होत नाहीये तर गोळ्या वाढवून किती वाढवणार.

मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि आई आतल्या खोलीत फोनवर. वास पॅसेजमध्ये आला म्हणून समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. त्या दिवसापासून मला ऑफिसात बसवत नाही, दर तासाला फोन करते.

भावाने रात्री वायफाय बंद करायला सुरुवात केली तर तिने स्वतःच्या नंबरवर रिचार्ज मारलं आणि त्याच्याशी भांडून जेवली नाही. मला म्हणाली, "तुम्ही दोघं गेल्यावर माझ्याशी बोलतं कोण, ते सांग आधी." मला उत्तरच देता आलं नाही.

तर विचारायचं हे की सोशल मीडियासाठी थेरपी वगैरे असते म्हणतात ती नक्की काय असते, तिथे काय करतात, या वयात उपयोग होतो का? आणि आई "मी काय वेडी आहे का" म्हणणार हे नक्की, मग तिला न्यायचं कसं? बजेट फार नाहीये.

मानसमैत्रीण:
ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मुंबईतच काम करते. तुमच्या आईंना न बघता निदान करणं बरोबर नाही, ते मी करणार नाही, पण काय काय असतं ते सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट. घरात "व्यसन" हा शब्द वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची जी आजारांची यादी आहे, आयसीडी-११, ती २०२२ पासून लागू झाली, त्यात गेमिंगचा विकार घेतलाय पण सोशल मीडियाचा वेगळा आजार म्हणून घेतलेला नाही. त्रास खरा असतो, त्यावर कामही करता येतं, फक्त माणसावर शिक्का मारायची गरज नसते. आम्ही किती तास बघतात यापेक्षा काय बिघडतंय ते बघतो. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात २०१२ मध्ये फेसबुकसाठी सहा प्रश्नांची एक चाचणी तयार झाली, पुढे ती सगळ्या सोशल मीडियासाठी वापरायला लागले. सतत तेच डोक्यात असतं का, दिवसेंदिवस जास्त लागतं का, त्रास विसरायला वापरता का, कमी करायचं ठरवून जमलं नाही असं होतं का, मिळालं नाही की बेचैन होता का, आणि कामावर वाईट परिणाम झालाय का. तुम्ही लिहिलंय त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी दिसतात.

पण मला त्याहून जास्त काळजी कशाची वाटते सांगू का, नवरा गेला, घर बदललं, भजन सुटलं, झोप गेली, बहिणीशी अबोला. हे सगळं एकत्र वाचलं की पहिला प्रश्न फोनचा राहत नाही, आधी डिप्रेशन आहे का ते तपासावं लागतं, दुःख लांबत चाललंय का ते बघावं लागतं. त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते, मराठीतही आहे, ओपीडीत भरून घेतात. डिप्रेशन निघालं तर त्याचे उपचार आधी, लागलं तर औषधंसुद्धा. नाहीतर फोन काढून घेतला आणि खाली जे होतं ते तसंच राहिलं असं होतं.

आता थेरपी. सगळ्यात जास्त वापरतात ती सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी. अमेरिकेत अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात डिप्रेशनसाठी ती उभी केली, नंतर बऱ्याच त्रासांसाठी वापरली गेली. यात पहिल्या आठवड्यात कोणी "फोन बंद करा" असं म्हणत नाही. एक तक्ता देतात: फोन कधी हातात घेतला, त्याच्या अगदी आधी काय झालं, मनात काय आलं, नंतर कसं वाटलं. आठवड्याभरात दिसायला लागतं की समजा दुपारी चार वाजता, म्हणजे एके काळी नवरा चहाला घरी यायची वेळ, तेव्हाच हात फोनकडे जातो. मग दोन बाजूंनी काम चालतं. एक, मनातले विचार. "बहिणीने लाईक केलं नाही म्हणजे तिला माझी किंमत नाही" हे वाक्य कागदावर मांडायचं आणि पुरावा शोधायचा, तिने फोटो बघितला तरी होता का, शेवटचा फोन कोणी केला होता. दुसरं, वागणं. त्या चार वाजताच्या जागी काय ठेवायचं ते आठवड्याचं वेळापत्रक लिहून ठरवायचं, अगदी छोटं: मंगळवारी खाली उतरून भाजी, शुक्रवारी एका बाईंना फोन. मन लागल्यावर करू असं न म्हणता आधी करायचं, मन मागून येतं. याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात आणि तुमच्या आईंसारख्या परिस्थितीत मला यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे.

साधारण आठ ते बारा बैठका, आठवड्यातून एक, पाऊण-एक तासाची. कमी-जास्त होतं.

उपयोग होतो का, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. नुसता वापर कमी करायला लावलेल्या अभ्यासांपैकी २० टक्क्यांत, पूर्ण बंद करायला लावलेल्यांपैकी २५ टक्क्यांत मनःस्थिती सुधारलेली दिसली, आणि सीबीटीसारख्या थेरपीवर आधारलेल्यांपैकी ८३ टक्क्यांत. अभ्यास थोडे आहेत त्यामुळे आकड्यांना फार कवटाळू नका, पण दिशा स्पष्ट आहे.

सांगलीकर काका:
राग मानू नका पण मला हे पटत नाही. आमच्या वेळी दुःख नव्हतं का? माणसं कामात होती, चार लोकांत होती. आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही, मोबाईल बंद. कुठला डॉक्टर नाही, कुठली फी नाही. घरात शिस्त लावा, रात्री दहाला सगळ्यांचे फोन कपाटात, विषय संपला. थेरपीवाल्यांना पैसे देण्यापेक्षा आईला महिनाभर गावाला पाठवा.

कल्याण स्लो:
काका, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर वाटतो म्हणून लिहितोय. मी २८ चा आहे, आयटीत आहे, मी स्वतः इन्स्टासाठी सीबीटी घेतलीय, त्यामुळे आतून काय होतं ते सांगू शकतो.

मी अॅप डिलीट करायचो आणि ठाणे येईपर्यंत परत टाकायचो. टाइम लिमिट लावलं तर "आजच्यापुरतं दुर्लक्ष करा" ते बटण दाबायचो, बोटाला सवयच झाली होती त्याची. मॅडमनी मला एक कार्ड दिलं, खिशात मावेल एवढं, तीन रकाने. त्यातली एक ओळ अजून आठवते: "रात्री ११.४०, टीम लीडचा मेसेज 'उद्या बोलू', पोटात गोळा, इन्स्टा, सव्वा वाजला, पोटात गोळा तसाच." पुढची ओळ तशीच, त्याच्या पुढची तशीच. मला वाटत होतं मला रील्स आवडतात. कार्ड भरल्यावर दिसलं की मी आवडून बघतच नव्हतो, उद्याच्या मीटिंगची भीती मी रील्सवर ढकलत होतो, आणि भीती जशीच्या तशी तिथेच. मग आम्ही काम केलं ते त्या भीतीवर, म्हणजे मेसेज आला की लगेच "कशाबद्दल?" असं विचारून टाकायचं. बहुतेक वेळा उत्तर यायचं की लीव्ह प्लॅन भरलास का!

दुसरं म्हणजे प्रयोग. स्टोरी टाकायची आणि सकाळपर्यंत कोणी बघितली ते बघायचं नाही. आधी कागदावर लिहायचं की मला काय वाटतं काय होईल. मी लिहिलं होतं "झोप लागणार नाही, सहन होणार नाही". पहिल्या रात्री खरंच तळमळलो, मग लागली झोप. सकाळी कागद काढून वाचायचा. हे असं स्वतःच्या हस्ताक्षरात खोटं ठरलेलं भाकीत बघणं, त्याचा जो परिणाम होतो तो कोणाच्या लेक्चरने होत नाही, आईच्या तर नाहीच.

आणि एक "ओढ" आली की तिच्याशी कुस्ती करायची नाही असं शिकवतात. अॅलन मार्लाट म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी दारू-सिगरेट सोडणाऱ्यांसाठी ही पद्धत आणली. ओढ शरीरात कुठे जाणवते ते बघायचं, माझ्या अंगठ्यात आणि घशात जाणवायची, आणि श्वास घेत ती चढते कशी, उतरते कशी ते नुसतं बघत राहायचं, पंधरा-वीस मिनिटांत उतरते. मी हे लोकलमध्ये दारात उभा राहून करायचो, म्हणजे आत, लटकून नाही. अजून इन्स्टा आहे माझ्याकडे, वापरतो. पण रात्रीचं गेलं.

शिस्तीला माझा विरोध नाहीये काका, पण शिस्त माझी मी लावून बघितली होती, मला कळतच नव्हतं की मी पळतोय कशापासून.

मानसमैत्रीण:
काका, वडगावचं उदाहरण मी स्वतः क्लासमध्ये देते, फार चांगलं आहे. पण त्यात काय काय आहे बघा: भोंगा सगळ्यांना वाजतो, कोणा एकट्यावर शिक्षा नाही. आणि त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात, म्हणजे रिकामी झालेली जागा भरली जाते. ताईंच्या घरी वायफाय फक्त आईचं बंद झालं आणि समोर बोलायला कोणी नव्हतं. तेच औषध, पण अर्धंच दिलेलं.

वेळ कमी करणं निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाला तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं वापरायला सांगितलं, त्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झाली. पण ती मुलं स्वतःहून अभ्यासात आलेली, रोज वर्गात मित्र भेटणारी. म्हणून मी म्हणेन रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तिघांचेही, आणि त्याआधी अर्धा तास तिघं एकत्र बसा. भावालाही लागू, ताईंनाही लागू!

आता "मी काय वेडी आहे का" याचं. जो माणूस तयार नाही त्याच्यासाठी एक वेगळी पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांवरच्या कामातून ती मांडली. मुख्य सूत्र असं की आपण जितकं पटवायला जातो तितकं समोरचा उलट बाजूने बोलतो. त्यामुळे बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. एक साधा प्रश्न तुम्ही घरीही विचारू शकता: "आई, झोप सुधारणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात?" ती म्हणेल चार. लगेच "चारच का, दहा का नाही" असं विचारू नका, त्यावर ती अडचणीच सांगेल. विचारा, "चार म्हणालीस, एक का नाही म्हणालीस?" मग ती स्वतः सांगेल की सकाळी डोकं जड होतं, शुगर वाढते, पूजेत लक्ष लागत नाही. तिथे थांबा. उपदेश करू नका, ती जे म्हणाली तेच तिला परत म्हणून दाखवा, "म्हणजे पूजेत लक्ष लागत नाही याचं तुला वाईट वाटतंय." बास. एका दिवसात काही होणार नाही, पण दार किलकिलं होतं.

शिवडीची मावशी:
पोरी मी तुझ्या आईच्याच वयाची आहे, दोन वर्षांनी मोठी असेन. तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला या थेरपीतलं काही कळत नाही पण चाळ सुटल्यावर काय होतं ते मला विचार. आमच्या चाळीत सकाळी गॅलरीत तांदूळ निवडायला बसलं की तीन बिऱ्हाडांच्या गप्पा व्हायच्या, कोणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळायचं, दूध उतू गेलं तर तिसऱ्या खोलीतून कोणीतरी ओरडायचं "अगं गॅस!" इथे दार लावलं की संपलं. शेजारची बाई महिनाभराने लिफ्टमध्ये भेटते. मग रांगोळी काढली तर दाखवायची कोणाला? फोनवाल्यांना दाखवते ती.

मला नवऱ्याच्या आजारपणात एका हॉस्पिटलातल्या ताई समुपदेशनाला भेटायच्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही, नुसतं ऐकून घेतलं, घरी येऊन मी दुपारी झोपले, किती दिवसांनी. तू एक कर. तिच्या शेजारी बसून तिचे फोटो बघ, ही रांगोळी कशी काढलीस विचार, किती ठिपक्यांची ते विचार. कमेंट नको करूस, तोंडाने बोल. आणि तुमच्या बिल्डिंगीत हळदीकुंकू होत असेल, गणपतीची तयारी असेल, तिथे रांगोळीचं काम तिच्याकडे द्यायला लाव कोणाला तरी. मुलांनी सांगितलेलं आपण ऐकत नाही, पण सोसायटीतल्या बाईने येऊन विनंती केली तर आपण उठतो.

गावाला पाठवू नकोस गं. महिनाभराने परत त्याच घरात येणार ना.

नाइट ड्यूटी:
मी नर्स आहे, कुठे जायचं तेवढं सांगते. लालबागहून सगळ्यात जवळ परळचं केईएम, तिथे मानसोपचार विभाग आहे. त्याशिवाय नायर, सायन, जेजे, सगळीकडे सायकियाट्री ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवायची, कारण झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी द्यायची झाली तर डॉक्टर ते बघतात. सरकारी-पालिका ओपीडीत गर्दी असते, पहिल्या दिवशी अर्ध्या तासाची बैठक होईल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. पहिल्या दिवशी तपासणी होते. थेरपी हवी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं की सायकॉलॉजिस्टकडे वेळ मिळेल का, तो वेगळा देतात. लाजून गप्प बसलात तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत याल.

आई निघायलाच तयार नसेल तर टेलि-मानस, १४४१६, केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन करून आईशी कसं बोलू असं विचारलेलं चालतं. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल म्हणून समुपदेशनाची हेल्पलाइन आहे ती पण चांगली. ठाण्याला आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, १९९० पासूनची संस्था, मराठी वातावरण आहे, आईंना परकं वाटणार नाही.

प्रायव्हेटला गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे नोंदणी असलेला आहे ना ते विचारा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया. विचारलं म्हणून चांगला माणूस चिडत नाही. "सात दिवसांत मोबाईल सोडवा" असं लिहिलेल्या जाहिराती खूप येतात, त्यांच्याकडे जाऊ नका. आणि आई कधी जगण्यात अर्थ नाही, मी पण जाते यांच्या मागे, असं काही बोलल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात न्या.

लालबागकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे भावाला पण वाचायला दिलं, तो काही बोलला नाही पण काल रात्री स्वतःचा फोन हॉलमध्ये ठेवून झोपला.

मावशी, तुमचं वाचून मी आईला विचारलं ठिपक्यांचं. पंधरा ते आठ म्हणाली आणि मग वहीच काढली जुनी, बाबांच्या ऑफिसच्या डायरीत काढलेल्या रांगोळ्या आहेत, मला माहीतच नव्हतं. तासभर बोलत होती. फोन मध्ये दोनदा वाजला, तिने बघितला एकदा.

मॅडम, शेवटचं एक विचारू का? शून्य ते दहाचं विचारलं, ती पाच म्हणाली. मी गुरुवारी रजा टाकतेय. तिला सांगताना "शुगरच्या डॉक्टरांकडे जाऊ" असं सांगून नेलं तर चालेल का? भाऊ म्हणतो तसंच कर, नाहीतर येणार नाही.

मानसमैत्रीण:
नका. ओपीडीच्या दारावरची पाटी त्या वाचतीलच, आणि मग पुढच्या वेळी तुमच्याबरोबर शुगरसाठीही येणार नाहीत. खरं सांगूनही नेता येतं. "तुला झोप लागत नाही, शुगर वाढतेय, बाबा गेल्यापासून तू एकटी पडलीस, याबद्दल ज्यांच्याशी बोलता येतं त्या डॉक्टरांकडे जाऊया, एकदाच येऊन बघ, नाही पटलं तर मी परत म्हणणार नाही." यात एकही शब्द खोटा नाही. फोनचं नाव तुम्ही काढू नका, त्यांना काढायचं तेव्हा त्या काढतील. पाच म्हणाल्या ना, तर "पाच म्हणालीस, एक का नाही म्हणालीस" ते गुरुवारच्या आत एकदा विचारा, आणि त्या जे सांगतील ते एका कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून ओपीडीत बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना त्यावरूनच सुरुवात करता येईल. दूध-गॅसचा प्रसंगही सांगा, पण आईंसमोर तक्रारीच्या सुरात नको. आणि तोवर ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते ती बघा, थेरपीला वेळ लागतो, गॅसला थांबता येत नाही.